क्रॉसचा काय गुन्हा?

गडचांदूरच्या मुख्य रस्त्यावर थोडा वेळ उभं राहिलं, तर या गावाचं पोट कशावर भरतं हे कुणाला विचारावं लागत नाही. गावाला लागून माणिकगड सिमेंट, थोडं पुढे आवारपूर, दुसरीकडे उपरवाही. जमिनीखाली चुनखडी आहे आणि राजुऱ्याच्या बाजूला वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी. त्यामुळे रस्त्यावर दिवसरात्र हायवा आणि बल्करची रीघ. लार्सन अँड टुब्रोने आवारपूरचा कारखाना 1983 मध्ये सुरू केला. तेव्हापासून इथल्या मिस्त्रींचं शिक्षण प्रामुख्याने अवजड गाड्यांखाली झोपून झालं. ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट उतरवणं, त्याचे क्रॉस ठोकून काढणं, सेंटर बेअरिंग बदलणं ही कामं इथे डोळे मिटून होतात. शाफ्टाच्या बाबतीत हा मुलूख अडाणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची तक्रार मिस्त्रींच्या हाताबद्दल नाही. ट्रकवर कमावलेलं खरं ज्ञान छोट्या, उंच केलेल्या जीपला जसंच्या तसं लावलं जातं, तक्रार तेवढीच आहे.

अशा छोट्या गाड्यांना इथे तोटा नाही. गडचांदूरहून जिवतीकडे निघालं की माणिकगडाचे डोंगर सुरू होतात, आणि पावसाळ्यात खाली कोरपन्याच्या बाजूला काळी माती रस्त्याला रस्ता म्हणू देत नाही. नाले, ट्रॅक्टर-ट्रॉलीने पाडलेल्या खोल चाकोऱ्या, डोंगरातले दगड. जुन्या महिंद्रा जीप, मारुती जिप्सी, अलीकडची थार अशा फोर-व्हील गाड्यांचं इथलं काम हौसेपुरतं नाही. ताडोब्याच्या गेटांवर तर जिप्सी हे वाहनाचं नाव न राहता सफारीचंच नाव झालं आहे. 1985 साली आलेली ही गाडी कंपनीने बाजारातून काढून घेतली, तरी लोकांनी सोडलेली नाही. आणि गाडी सोडवत नाही म्हटलं की तिच्यात फेरफार येतात. त्यातला सगळ्यात लाडका फेरफार म्हणजे गाडी उचलणं: पाट्यांची संख्या वाढवायची, जास्त कमानीचे पाटे घालायचे किंवा लांब शॅकल लावायचे, आणि वर मोठे टायर.

मग थोड्याच दिवसांत एक गोष्ट घडते. जंगलात, कच्च्या रस्त्यावर, वीस-तीसच्या वेगाला गाडी अगदी गुणी वागते. राजुरा रस्त्याला लागून काटा साठाच्या आसपास गेला की सीटखालून बारीक थरथर सुरू होते. सत्तरला आरसा धूसर होतो, गिअरचा दांडा हाताला मुंग्या आणतो आणि मागच्या बाजूने घोंघावल्यासारखा आवाज येतो. गाडी गॅरेजात जाते. मिस्त्री खाली सरकतो, शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळतो, आणि निदान होतं: ‘क्रॉस गेला भाऊ, बदलून टाकू.’ क्रॉस बदलला जातो, थरथर कमी होते, मालक समाधानाने पैसे देतो. तीन-चार महिन्यांनी तीच थरथर आणि तोच क्रॉस. आता सुटा माल नकली निघतो, कंपनी बदलली जाते, शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवला जातो. माझं म्हणणं असं की या सगळ्या प्रकरणात क्रॉस हा आरोपी नाहीच, मार खाल्लेला तो आहे. उचललेल्या गाडीची थरथर हा मुळात कोनांचा प्रश्न आहे. कोन न मोजता सुटे भाग बदलत जाणं म्हणजे भिंत ओळंब्यात नाही म्हणून गिलावा पुन्हापुन्हा करत बसणं.

हे का, ते समजायला क्रॉस नेमकं काय करतो ते पाहावं लागेल. इंजिनाची फिरकी ट्रान्सफर केसमधून मागच्या डिफरेन्शलपर्यंत न्यायची आहे, पण डिफरेन्शल पाट्यांवर वरखाली नाचतं. म्हणून मधल्या शाफ्टाच्या दोन्ही टोकांना वाकूनही फिरेल असा सांधा हवा. इटलीच्या कार्दानोचं नाव या सांध्याला सोळाव्या शतकापासून चिकटलं आहे, इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचं सतराव्यापासून, आणि अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने 1903 मध्ये त्याचं पेटंट घेऊन तो मोटारीत रुळवला. दोन काटे, मध्ये चार दांड्यांचा क्रॉस, प्रत्येक दांडीवर बारीक सुयांसारख्या रोलरांची वाटी. दिसायला निरुपद्रवी. पण या सांध्यात एक जन्मखोड आहे, आणि फ्रेंच गणिती पाँसले याने ती 1824 मध्ये गणिताने सिद्ध करून दाखवली. सांधा वाकलेला असेल तर आत येणारी फिरकी एकसारखी असली, तरी बाहेर पडणारी एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन 5 अंश असेल तर कमाल आणि किमान वेगातला फरक पाऊण टक्का, 10 अंशांना तीन टक्के, 20 अंशांना बारा टक्क्यांच्या वर. म्हणजे कोन दुप्पट झाला की खोड साधारण चौपट होते. या एका हिशेबात सगळं प्रकरण आलं. गाडी ‘जराशी’ उचलली तरी त्रास जरासा वाढत नाही, तो याचमुळे.

एका सांध्याची खोड दुसऱ्याने झाकायची, ही युक्ती म्हणूनच निघाली. शाफ्टाच्या दुसऱ्या टोकाला तसाच सांधा लावला, दोन्हीकडचे काटे एका रेषेत ठेवले आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे ठेवले, तर पहिला जेवढा पुढे धावतो तेवढंच दुसरा मागे ओढतो आणि डिफरेन्शलला एकसारखी फिरकी मिळते. यासाठी ट्रान्सफर केसचं तोंड आणि डिफरेन्शलच्या पिनियनचं तोंड एकमेकांना समांतर हवं. समांतरपणा मोडला की एकाची उधळपट्टी दुसरा भरून काढू शकत नाही आणि उरलेला हिशेब गाडीच्या अंगावर येतो. इथवरचं बऱ्याच अनुभवी मिस्त्रींना माहीत असतं. पुढचं मात्र सहसा सांगितलं जात नाही. कोन सारखे असले तरी सुटका होते ती फक्त पिनियनची. मधला शाफ्ट, त्याच्या सगळ्या वजनासकट, प्रत्येक फेऱ्यात दोनदा उसळतच राहतो. म्हणून सारख्या कोनांनाही वरची हद्द असते, आणि शाफ्ट जितका वेगात फिरेल तितकी ती खाली येते. शाफ्ट बनवणाऱ्यांचा ठोकताळा असा: मिनिटाला 1500 फेऱ्यांना साडेअकरा अंश, 3000 फेऱ्यांना सहाच्याही खाली.

आता हेच एका गाडीच्या मापांवर बसवून बघू. 205/70 आर 15 मापाचा टायर घेतला तर त्याचा घेर सुमारे 2.1 मीटर भरतो. ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला 8 फेरे घेतं. क्राऊन-पिनियनचं प्रमाण सोपं जावं म्हणून 4 ला 1 धरू, म्हणजे शाफ्टाचे सेकंदाला 32, मिनिटाला सुमारे 1900 फेरे. ठोकताळ्याने इथे हद्द साधारण 9 अंश. ताशी 80 ला शाफ्ट अडीच हजारांवर जातो आणि हद्द 7 अंशांवर येते. ट्रान्सफर केस ते पिनियन हे आडवं अंतर 750 मिलिमीटर आणि पिनियन मूळचं 65 मिलिमीटर खाली आहे असं समजा. शाफ्टाचा उतार झाला 5 अंश, सगळं कुशल-मंगल. गाडी 75 मिलिमीटर, म्हणजे लोक म्हणतात ते ‘तीन इंच’ उचलली. उतार 140 मिलिमीटर, कोन साडेदहा अंश. कोन दुप्पट झाला आणि वेगातला चढउतार साडेचार पट. ताशी 30 ला हे कळणारही नाही, कारण तिथे हद्द कितीतरी वर आहे. साठ ओलांडलं की गाडी हद्दीबाहेर गेलेली असते. जंगलात गुणी आणि डांबरावर अवगुणी असं जे दिसतं, त्याचं उत्तर हे. गाडी तीच असते आणि बिघाडही दोन्हीकडे तेवढाच असतो, कच्च्या रस्त्यावर तो फक्त झाकलेला राहतो.

गडचांदूरच्या हायव्याचं ज्ञान नेमकं इथे दगा देतं. ट्रकचा शाफ्ट लांब, बहुधा दोन तुकड्यांत, मध्ये सेंटर बेअरिंग. दीड मीटरच्या तुकड्याचं एक टोक 75 मिलिमीटर खाली गेलं तरी कोन तीन अंशांनीही वाढत नाही. त्यामुळे ट्रकचा क्रॉस मरतो तो कोनामुळे क्वचितच. त्याला मारतं ओव्हरलोडिंग, नाहीतर ग्रीस न मारणं, नाहीतर सील फाटून आत गेलेली चुनखडीची धूळ. तिथे ‘क्रॉस गेला’ हे निदान पूर्ण असतं आणि इलाजही योग्य. अर्धी लांबी असलेल्या शाफ्टाला तेच वाक्य लावलं की रोगाऐवजी रोग्याचं नाव सांगितल्यासारखं होतं. खरं तर उतरवलेला क्रॉस फेकून देण्याआधी फडक्याने पुसून उन्हात धरला, तर तोच बोलतो. वाटीच्या कडेला तांबूस कोरडी भुकटी असेल तर ग्रीस संपलं होतं, वाद मिटला. पण ग्रीस शाबूत आहे आणि तरी दांडीवर, बळ येतं त्याच बाजूला, सुयांचे समांतर चरे उमटलेत, नख फिरवलं तर अडकतं, अशी स्थिती असेल तर तो क्रॉस उपाशी मेलेला नाही. त्याला मर्यादेबाहेर राबवलं गेलं आहे. असा क्रॉस बदलणं आवश्यकच असतं, प्रश्न फक्त एवढाच की नवा कुठल्या नोकरीवर रुजू होतो आहे.

गाडी कशी उचलली यावरही बरंच अवलंबून आहे. मागच्या पाट्यांच्या मागच्या टोकाला लांब शॅकल लावले की गाडीची शेपटी वर जाते, पण चासीच्या मानाने पाट्याचं मागचं टोक खाली येतं, आणि त्याच्यासोबत अख्खं हाउसिंग फिरून पिनियनचं नाक वर होतं. स्वस्तात मस्त म्हणून हा उपाय सगळ्यात जास्त होतो, आणि समांतरपणा सगळ्यात जास्त तोच मोडतो. वरच्या उदाहरणात नाक 5 अंश वर गेलं तर पुढच्या क्रॉसला साडेदहा अंश आणि मागच्याला साडेपाच, म्हणजे हद्दही ओलांडली आणि जोडीही फुटली. शिवाय शाफ्ट तिरपा झाला की त्याला जास्त लांबी लागते. आपल्या मापांत ती साधारण 10 मिलिमीटर. तेवढी शाफ्टाच्या सरकत्या स्लिप जॉइंटमधून बाहेर ओढली जाते, आत अडकलेले दाते कमी होतात, आणि जुन्या स्लिपमध्ये आधीच असलेली ढिलाई आता मोकळेपणाने नाचते. पुढच्या धुऱ्याची गत आणखी नाजूक. पुढे शॅकल असलेल्या गाडीत तो लांब केला की पुढचं हाउसिंग फिरतं, किंगपिनचा मागे झुकलेला कल कमी होतो, आणि मोठ्या वेगात स्टिअरिंग भटकायला, एखाद्या खड्ड्यानंतर फडफडायला लागतं. ही फडफड म्हणजे शाफ्टाची थरथर नव्हे. तरी दोन्ही एकाच दिवशी, एकाच कामातून जन्मल्यामुळे लोक त्यांना एकच समजतात.

म्हणूनच माझी बाजू कोनाची असली तरी पहिलं पाऊल कोनाकडे टाकू नये. आधी चाकांची झाडाझडती घ्यावी, आणि आपल्याकडे तर चिखलापासून. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते, वाळून सिमेंटसारखी घट्ट होते, आणि पाव-अर्धा किलोचा तो गोळा एका बाजूला लटकला की उत्तम बॅलन्स केलेलं चाकही थडथडतं. शाफ्टावर चिकटलेल्या मातीचंही तेच. प्रेशरने आतून धुतल्यावर निम्मी प्रकरणं तिथेच निकाली निघाली तरी आश्चर्य वाटू नये. मग थरथरीची जात ओळखायची. आपल्या हिशेबात साठच्या वेगाला चाकाचा दोष सेकंदाला 8 ठोके देतो, तो धक्क्यांसारखा स्टिअरिंगमध्ये किंवा सीटमध्ये मोजता येईल असा लागतो. शाफ्टाचा बॅलन्स गेला असेल तर 32, म्हणजे पायाखाली सतत बारीक कंप. कोनाचा दोष फेऱ्यात दोनदा येतो, म्हणून 64, हा अंगाला कमी आणि कानाला जास्त लागतो, घोंघावतो. फोनमध्ये कंपनं मोजणारं अ‍ॅप टाकून फोन सीटवर घट्ट दाबून ठेवला तर पहिले दोन आकडे बऱ्यापैकी पकडता येतात. तिसऱ्याला बरेच फोन पुरे पडत नाहीत. एक सावधगिरी: मोठे टायर घातल्यावर गाडीचा काटा कमी वेग दाखवतो, तेव्हा वेग जीपीएसवरून घ्यावा, नाहीतर सगळा हिशेब चुकतो.

नंतर तीन चाचण्या, त्यांना पैसा लागत नाही. सरळ, मोकळ्या, सपाट रस्त्यावर थरथर येते त्या वेगाला गिअर न्यूट्रल करायचा, इंजिन मात्र चालू ठेवायचं, कारण ते बंद केलं की ब्रेकची मदत जाते. थरथर तशीच राहिली तर इंजिन, क्लच आणि त्यांचे माउंट निर्दोष सुटले. दुसरी चाचणी रेसची. त्याच वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढते आणि सोडला की विरते, असं असेल तर जोर लागल्यावर पाटे पिळवटून पिनियनचं नाक उचललं जातं आहे. उलट, दाबलेला असताना शांत आणि सोडल्यावर गुरगुर, तर पिनियनच्या बेअरिंगकडे पाहावं. तिसरी, पुढचा शाफ्ट उतरवून गाडी टू-व्हीलवर चालवून पाहणं. पुढची हब मोकळी सुटणारी नसली तर टू-व्हीलमध्येही चाकं पुढचा शाफ्ट फिरवत ठेवतात, आणि थरथर मागून येते असं वाटत असताना ती पुढची निघू शकते. शाफ्ट सोडताना दोन्ही फ्लँजवर आणि स्लिपच्या दोन्ही भागांवर पंचने खूण करायची, ही खूण फार महत्त्वाची. स्लिप एक दाता चुकवून बसली तरी काटे एका रेषेत राहत नाहीत, आणि मग कोन कितीही सारखे असोत, एकाने दुसऱ्याला झाकायची युक्ती फसते. आधीच्या कुणीतरी चुकवून बसवलेला शाफ्ट नुसत्या डोळ्यांनी, दोन्ही काट्यांचे कान जुळवून, अर्ध्या मिनिटात पकडता येतो. तसा निघाला तर बाकीचं पुराण वाचायची गरजच नाही.

एवढं करूनही संशय कोनावर राहिला तर मोजायचं. इथे एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यामुळे मोजणीवरचाच विश्वास उडतो: गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर चढवून, धुरा खाली लोंबकळत असताना माप घेतलं जातं. तो कोन रस्त्यावर कधीच येत नाही. गाडी चाकांवर, पाट्यांवर पूर्ण वजन, आणि ज्या ओझ्याने ती रोज धावते त्या ओझ्यासकट उभी हवी. ताडोब्याच्या जिप्सीत सहा पर्यटक, गाइड आणि चालक असतात. रिकाम्या जिप्सीचे कोन त्या जिप्सीचे नव्हेतच. माप तीन ठिकाणी: ट्रान्सफर केसची फ्लँज, शाफ्टाची नळी, पिनियनची फ्लँज. लोहचुंबकी कोनमापक फार महाग नसतो, तो नसेल तर फोनमधली पातळी दाखवणारी सोय चालते, तीही नसेल तर शाळेचा कोनमापक आणि ओळंबा. जमीन थोडी उतरती असली तरी बिघडत नाही, कारण आपल्याला हवी आहे ती तीन आकड्यांमधली वजाबाकी. पहिला आणि तिसरा आकडा एकमेकांपासून अंशभराहून जास्त दूर असतील तर जोडी फुटली. पहिला आणि दुसरा यांतला फरक वेगाच्या हद्दीपलीकडे असेल तर उंची झेपत नाही. जुन्या जीपांत शाफ्ट वरून पाहिलं तरी थोडा तिरपा असतो, तो आडवा कोनही हिशेबात घ्यावा लागतो. आणि कोन शून्यावर आणायचा हट्टही नको. सुया थोड्या तरी हलल्या पाहिजेत, नाहीतर त्या एकाच जागी ठोके खात दांडीत खड्डे पाडतात.

यावर हरकती येतात, त्यातल्या काही वजनदार आहेत. गाडी उचलली तेव्हा थरथर नव्हती, दोन-चार हजार किलोमीटरनंतर आली, मग दोष उचलण्याचा कसा? असा की नवा, घट्ट क्रॉस आणि घट्ट स्लिप वाढलेली उसळी काही काळ सहन करतात. जास्त कोनात राबून त्यांच्यात ढिलाई आली की मग शाफ्ट मध्यापासून ढळतो आणि दोन दोष एकमेकांवर चढतात. नवा क्रॉस टाकल्यावर काही महिन्यांसाठी आराम का पडतो, त्याचंही कारण हेच. म्हणून ‘क्रॉस बदलला आणि थांबली’ हा पुरावा माझ्या विरुद्ध जात नाही, उलट माझ्याच बाजूने बोलतो, विशेषतः तोच क्रॉस वर्षात तिसऱ्यांदा बदलला जात असेल तेव्हा. दुसरी हरकत: एखाद्याची थरथर शाफ्ट बॅलन्स केल्याने खरंच गेली. जाऊ शकते. शाफ्टाला वेल्ड केलेली वजनाची छोटी पट्टी दगडाला घासून उडाली असेल, नळीला पोचा आला असेल, तर दोष बॅलन्सचाच. पण यंत्रावर शाफ्ट सरळ धरून फिरवतात, गाडीतल्या कोनात नव्हे. यंत्रावर तो निर्दोष ठरला आणि गाडीत थरथरला तर संशय उरतो तो कोनावरच. तिसरी हरकत सगळ्यात खरी: गॅरेजात चार गाड्या रांगेत असताना मोजत कोण बसणार? तीन मापांना लागतात वीस मिनिटं. एक क्रॉस काढून बसवायला त्याहून जास्त वेळ जातो, आणि तो वेळ वर्षातून तीनदा द्यायला कुणी कुरकुर करत नाही. मोजणीचे पैसे मागायला मिस्त्रीला संकोच वाटतो आणि द्यायला मालकाला जड जातं, कारण मोजणीनंतर हातात काही नवं चकचकीत मिळत नाही. खरी अडचण ही आहे, यंत्राची नाही.

इलाजांतही एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. नाक वर गेलेलं पिनियन पाट्याखाली पाचर घालून समांतर आणता येतं. आपल्या उदाहरणात त्याने जोडी जुळेल, पण दोन्ही कोन साडेदहावरच राहतील, आणि ऐंशीच्या वेगासाठी हद्द 7 अंशांची आहे. 7 अंशांत बसायचं तर पिनियनचा उतार सुमारे 90 मिलिमीटरच परवडतो, म्हणजे मूळ 65 वर उचल फक्त 25. तीन इंचांच्या जागी एक. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, म्हणून मग ट्रान्सफर केस खाली घेण्याचा सल्ला येतो. ज्या गाड्यांत ती गिअरबॉक्सला जोडलेली असते तिथे गिअरबॉक्सही तिच्यासोबत झुकतो आणि थोडंफार साधतं. जिप्सीत मात्र ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, रबरी माउंटांवर टांगलेली असते, आणि दोघांमध्ये एक तिसरा छोटा शाफ्ट आहे, त्यालाही दोन क्रॉस. केस खाली घेतली की मागच्या शाफ्टाचं दुखणं या छोट्याच्या गळ्यात पडतं. तो इतका आखूड की थोड्या मिलिमीटरनेही त्याचा कोन बेसुमार वाढतो, वर तो इंजिनाच्या अगदी जवळ. जिप्सीत थरथर आली तर मागचा शाफ्ट उतरवण्याआधी ट्रान्सफर केसचे तीन रबरी माउंट पाहावेत. रबर फुगून एका बाजूला बसलं असेल तर कुणीही गाडी न उचलताच ट्रान्सफर केसने आपला कोन बदललेला असतो. राहता राहिला वरच्या टोकाला जोडसांधा, म्हणजे एकाशेजारी एक दोन क्रॉस. हा उत्तम आणि महागडा उपाय, पण त्याची शर्त उलटी आहे: पिनियन समांतर न ठेवता त्याचं नाक थेट शाफ्टाच्या रेषेत रोखावं लागतं. जुनी समांतर ठेवण जशीच्या तशी ठेवून जोडसांधा बसवला की पैसे जातात आणि थरथर नव्या रूपात परत येते. नाक फार वर नेलं तर पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचत नाही, तेही बघावं लागतं.

इतका खटाटोप ज्या उंचीसाठी करायचा, ती उंची खरोखर मिळते का, हा प्रश्न उचलण्याआधी विचारायला हवा होता. अखंड धुऱ्याच्या गाडीत ट्रॅक्टरच्या चाकोरीत घासतं ते डिफरेन्शलचं पोट, आणि पाटे उचलून ते पोट एका मिलिमीटरनेही वर जात नाही. ते जमिनीपासून किती वर असेल हे टायरची त्रिज्या ठरवते, बाकी काहीच नाही. पाटे उचलल्याने चासी आणि बंपर वर जातात, नाल्याच्या काठावर पुढचं नाक टेकत नाही, मोठ्या टायरला जागा होते. उपयोग आहे, पण लोक ज्यासाठी उचलतात त्याचा नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. प्रवासी वाहून नेणाऱ्या गाडीने तर याचा विचार दोनदा करावा. मला विचाराल तर कोरपना-जिवतीच्या रस्त्यांना थकलेले पाटे बदलून मूळ उंची परत मिळवणं, चिखलाचे चांगले टायर आणि पोटाखाली एक जाड पत्रा पुरतो. पण हौसेला मोल नसतं, आणि ज्यांच्या गाड्या आधीच उचललेल्या आहेत त्यांना हा उपदेश उशिराच पोचतो आहे.

त्यांच्यासाठी शेवटचं काम उरतं, ते बहुतेक जण सोडून देतात. नवे पाटे ताठ असतात, पाचशे-हजार किलोमीटरनंतर ते बसतात. यू-बोल्ट सैलावतात, पाचर सरकू शकते, आणि पहिल्या दिवशी जुळवलेले कोन त्या दिवशीचे राहत नाहीत. म्हणून यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, सगळ्या निप्पलांतून जुनं ग्रीस चारही वाट्यांच्या कडेने बाहेर येईपर्यंत नवं भरायचं, आणि तीन मापं पुन्हा घ्यायची, तितक्याच ओझ्यासह. ती तारखेसकट बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवावीत. कागद हरवतो आणि चासीवरचा खडू पहिल्याच नाल्यात धुऊन जातो. पुढच्या पावसाळ्यानंतर गाडी कुठल्याही गॅरेजात गेली आणि कुणी म्हणालं ‘क्रॉस गेला भाऊ’, तर आधी बॉनेट उघडायचं.